पुराव्यांच्या वरचा रकाना

कार्डांच्या पेटीची फेरमांडणी एकदाची मार्गी लागली. प्राचीन काळातल्या ज्या माणसाच्या असण्यावर कुणी ना कुणी शंका घेतली आहे, त्याच्या नावाचं एक कार्ड, असा हा उद्योग. आजवर पुरावे उतरवायचे आणि खाली शेरा मारायचा: पक्का, संभवनीय, संशयित, कल्पित. आता पुराव्यांच्या वर एक नवा रकाना आला आहे आणि तो भरल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असा दंडक घातलाय. हा माणूस खरंच होऊन गेला असता तर त्याने मागे काय ठेवलं असतं, आणि ते आजवर टिकलं असतं का?

राजा असेल तर नाणी, शिलालेख, दानपत्रं, शत्रूच्या तोंडी नाव. गावोगाव फिरणारा गुरू असेल तर यातलं काहीच नाही. त्याच्या वाट्याला शिष्यांच्या आठवणी आणि विरोधकांची टिंगल. म्हणून ‘सॉक्रेटिसाचा शिलालेख दाखवा’ ही मागणी फुकटची. तो जिवंत असताना, इ.स.पू. 423 मध्ये, अ‍ॅरिस्टोफेनिसने आपल्या नाटकात रंगमंचावर त्याची यथेच्छ थट्टा केली, हा त्याच्या बाबतीत अव्वल पुरावा. याउलट आधीच्या आणि नंतरच्या राजांची नाणी ढिगाने मिळतात आणि मधल्या एकाचं एकही नाही, तर त्या नसण्याला वजन आहे.

टिंगलीवरून पायथागोरस. त्याने स्वतः लिहिलेलं काही उरलेलं नाही, आणि चरित्रं शेकडो वर्षांनंतरची, चमत्कारांनी भरलेली. तरी कार्ड ‘पक्का’मध्ये गेलं, ते ग्रीक कवी झेनोफेनिसच्या चार ओळींमुळे. कुणीतरी कुत्र्याच्या पिल्लाला मारत होतं. पायथागोरस म्हणाला, थांबा, हा माझ्या मित्राचा आत्मा आहे, आवाजावरून ओळखला. जवळपास समकालीन माणूस अशी खिल्ली उडवतो, आणि तत्त्वज्ञ हेराक्लायटसही त्याच्यावर तोंडसुख घेतो, तेव्हा ज्याच्यावर ते तुटून पडताहेत तो कुणीतरी असणारच. काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयाशी त्याचं नाव जोडणारे उल्लेख मात्र फार उशिराचे आहेत. ते त्याच कार्डावर, पण निराळ्या शाईत.

या खेपेला सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन रोमन दावेदारांवर. ही जोडी नवीन मंडळींनी जरूर शेजारी-शेजारी ठेवून पाहावी.

पहिला दावेदार म्हणजे ‘दुसरा डोमिशियन’. इ.स. 271 च्या सुमारास, गॉलमध्ये फुटून निघालेल्या साम्राज्याच्या धामधुमीत, त्याने काही काळ सम्राटपद बळकावलं असावं. 1900 च्या सुमारास फ्रान्समध्ये त्याचं एक नाणं मिळालं आणि अनेकांनी ते बनावट म्हणून बाजूला सारलं. एकुलतं एक नाणं, अनोळखी सम्राट. संशय रास्तच होता. मग 2003 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्हला सुमारे पाच हजार नाण्यांनी भरलेलं मडकं सापडलं. नाणी एकमेकांना चिकटून गोळा झालेली. ती सुटी करताना आतून दुसरं नाणं निघालं, आणि ते पहिल्याच्याच ठशांतून पाडलेलं होतं. शतकापूर्वीच्या बनावटगिराचे ठसे वापरून पाडलेलं नाणं प्राचीन मडक्याच्या पोटात कसं जाईल? पहिलं नाणं एका झटक्यात अस्सल ठरलं. शिवाय रोमन सम्राट ऑरेलियनच्या काळात बंडाबद्दल शिक्षा झालेल्या एका डोमिशियनचा उल्लेख झोसिमसच्या इतिहासात आधीपासून होताच.

दुसरा दावेदार स्पॉन्सियन. याची सोन्याची नाणी 1713 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) मिळाल्याची नोंद आहे. इतिहासग्रंथात याचं नाव कुठेही नाही. नाणी ठशाने पाडलेली नाहीत, ओतीव आहेत. मागची बाजू तर शेकडो वर्षं जुन्या रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यावरून उचललेली. 2022 मध्ये ग्लासगोतल्या संग्रहालयात असलेल्या नाण्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. झीज आणि वर चिकटलेली मातीची खनिजं पाहून ती नाणी प्राचीन असल्याचं संशोधकांनी मांडलं, आणि स्पॉन्सियन हा डेशियात, म्हणजे त्याच भागातल्या रोमन प्रांतात, एकटा पडलेला सेनानी असावा असा तर्क केला. नाणेशास्त्रज्ञांतल्या अनेकांना हे पटलेलं नाही. मलाही नाही. झीज कृत्रिम नाही हे मान्य केलं तरी त्यातून सम्राट सिद्ध होत नाही. फार तर धातूचं वय कळतं. चालग्रोव्हचं नाणं जमिनीतून कशासोबत आलं ते ठाऊक आहे, स्पॉन्सियनच्या नाण्यांना तशी सोबत नाही. कार्ड ‘संशयित’मध्ये, शेरा पेन्सिलने.

रामगुप्ताचं कार्ड मला फार आवडतं, कारण तिथे नाव आणि गोष्ट यांची फारकत स्वच्छ करता येते. गुप्तांच्या वंशावळीत समुद्रगुप्तानंतर थेट दुसरा चंद्रगुप्त येतो. मध्ये रामगुप्त होता, त्याने शकराजापुढे नमतं घेऊन राणी ध्रुवदेवी देऊ केली, आणि चंद्रगुप्ताने स्त्रीवेषात जाऊन शकाला मारलं, ही कथा विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्त’ नाटकाच्या उरलेल्या तुकड्यांतून आपल्यापर्यंत आली. पुष्कळ काळ तो नाटककाराच्या डोक्यातला राजा मानला गेला. मग विदिशा-एरण भागात रामगुप्त नावाची तांब्याची नाणी पुढे आली. ‘कुणी स्थानिक मांडलिक असेल’ असं त्यावर उत्तर होतं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. 1969 मध्ये विदिशेजवळ दुर्जनपूरला जैन तीर्थंकरांच्या मूर्ती सापडल्या. त्यांच्यावरच्या लेखांत ‘महाराजाधिराज’ रामगुप्त आहे, आणि लिपी गुप्तकाळातली. मांडलिक सहसा ही पदवी लावत नाही. वंशावळीतलं मौन इथे फारसं जड नाही: ती बाप-लेकांची साखळी असते, गादीवर बसून गेलेला भाऊ तिच्यात सहज गळतो. राजा ‘पक्का’कडे सरकला. राणी आणि स्त्रीवेष मात्र नाटकातच राहिले. एक नाव खरं निघालं म्हणून त्याच्याभोवतीची कथा आपोआप खरी होत नाही.

याचीच उलटी बाजू सुमेरमध्ये, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमध्ये, दिसते. तिथल्या राजांच्या यादीत किश नगरीच्या एनमेबारागेसीला 900 वर्षांची कारकीर्द दिली आहे. हे वाचून कुणीही यादी मिटून ठेवील. पण त्याच्या नावाचा लेख असलेले दगडी पात्रांचे तुकडे मिळाले आहेत, म्हणजे आकडा अशक्य असला तरी नाव खरं. महाकाव्याचा नायक गिल्गामेशला याच यादीत 126 वर्षं आहेत, आणि एका सुमेरी काव्यात तो एनमेबारागेसीच्या मुलाशी, अगाशी, लढतो. प्रतिपक्षाचा बाप खरा ठरल्याने गिल्गामेशची बाजू किंचित वर आली. किंचितच, त्याचा स्वतःचा समकालीन लेख नाही. ‘संभवनीय’.

शक क्षत्रप नहपानावर वेळ घालवायची गरजच पडली नाही. जोगळटेंभीच्या साठ्यातली हजारो नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला आपला ठसा, नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांत जावई उषवदाताचे लेख. जिंकणारा, जावई आणि खुद्द राजा, तिघांची गरज वेगळी आणि नाव एकच.

आता ज्यावर भांडण होणार ते कार्ड: चाणक्य. नवा रकाना इथे खरा कामाला आला. त्या काळच्या अमात्याने नाणी पाडली नसती, आणि चंद्रगुप्त मौर्याचाच निर्विवाद समकालीन लेख नाही तर अमात्याचा कुठून असणार? चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस चाणक्याचं नाव घेत नाही हे नेहमी पुढे केलं जातं, पण मेगॅस्थिनीसचा ग्रंथ आपल्याकडे आहे कुठे? इतरांनी दिलेली अवतरणं तेवढी आहेत. तेव्हा हे मौन हलकं. पण बाजूने बोलणारेही तितकेच हलके आहेत. बौद्ध, जैन, काश्मिरी कथा आणि ‘मुद्राराक्षस’ मिळून चार साक्षीदार दिसतात खरे. सगळे शेकडो वर्षांनंतरचे, आणि एकाच जुन्या आख्यायिकेवरून ते निघाले नसतील याची हमी नाही. ‘अर्थशास्त्र’ हा तिसराच प्रश्न. अनेक अभ्यासक त्याचं आजचं रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं धरतात, म्हणून ग्रंथाच्या आधारे माणूस सिद्ध करायला मी तयार नाही. नंदांना उलथवण्यात हात असलेला कुणी ब्राह्मण सल्लागार संभवतो. शेंडीची प्रतिज्ञा वगैरे कल्पितात.

स्पार्टाचा कायदेकर्ता म्हणवला जाणारा लायकर्गस ‘संशयित’मध्येच आहे. त्याचं चरित्र लिहिणारा प्लुटार्क आरंभीच सांगतो की याच्याबद्दल वादातीत असं काही सांगता येत नाही, तिथे मी कोण?

पुढचा खण चीनचा. शांग घराण्याच्या राजांची नावं इतिहासकार सिमा छ्येनने ते घराणं बुडाल्यावर जवळपास हजार वर्षांनी लिहिली, आणि 1899 नंतर उजेडात आलेल्या भविष्य पाहण्याच्या हाडांवर ती बरीचशी जशीच्या तशी निघाली. ‘उशिराचं ते टाकाऊ’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण त्याच लेखकाने त्याआधीच्या श्या घराण्याचीही यादी दिली आहे, आणि त्या काळातला लिहिलेला मजकूर अजून हाती नाही. शांगच्या यादीने कमावलेली पत श्याच्या यादीला उधार द्यायची की नाही, यावर अडून बसलोय. माझा कल नाहीकडे आहे: शांगची नावं हाडांवर कोरलेली होती, कुणीतरी ती पुढे नकलून घेऊ शकत होतं. श्याच्या बाबतीत तशी वाट दाखवता येत नाही. श्या घराण्याचा संस्थापक मानला जाणारा यू, त्याचं कार्ड तोवर कोरं.