तुम्ही विचारलंत म्हणून: किलोवर घेतलेला डबा एकवीसशेला कसा?

माझ्या जुन्या वस्तूंच्या गाळ्यावर आलेलं दर तिसरं माणूस हे विचारतं, कुणी हसून, कुणी टोचून: "जुन्या बाजारातून मोडीच्या भावात उचलता आणि आम्हाला दुप्पट लावता. किंमत ठरवता तरी कशी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एका डब्याचा हिशेबच सांगते.

डबा पितळी, कडीचा, झाकण अजून घट्ट. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी ऊन चढायच्या आत जाते. विकणारा पंधराशे म्हणाला. मी डबा हातात तोलला. पावणेदोन किलो असावा. मोडीचा भाव किलोला साडेचारशे धरला तर आठशेच्या जरा आत. त्याखाली तो उतरणार नाही, कारण तेवढे त्याला भंगारवालाही देईल. 1100 ला पटलं.

रिक्षाचे 120. बुडाला पोचा होता, तो तांबट आळीत काढून घेतला, त्याचे 200. झाले 1420. चिठ्ठी लावली 2400 ची. म्हणजे हजार रुपये सुटले, असं वाटेल. पण गाळ्याचं भाडं महिना 9000 आणि मांडलेल्या वस्तू नव्वदच्या घरात. म्हणजे प्रत्येक वस्तू माझ्याकडे महिना शंभर रुपये भाड्यानं राहते. डबा सात महिने राहिला. एका सकाळी एका काकांनी "भवानी करतोय तुमची" म्हणत 2100 ला नेला. 1420 आणि 700 मिळून 2120. वीस रुपये माझे गेले, आणि काका जाताना म्हणाले, "बरं कमावता हो तुम्ही!"

त्याच आठवड्यात निळ्या काठाची एक इनॅमलची ताटली 40 ला आणली होती, ती दुपारपर्यंत 350 ला गेली. डब्यासारख्यांचं भाडं अशा ताटल्या भरतात.

मोबाइलवर बघून किंमत सांगणारेही येतात. "ऑनलाइन हाच कंदील चार हजारांना आहे." असेल. ती मागितलेली किंमत. दोन वर्षं तिथेच पडून आहे. मी विकला गेलेला भाव धरते. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच मूळची असेल तर वेगळं, बदललेली असेल तर वेगळं, आणि हे मी चिठ्ठीवरच लिहिते.

चुकाही किमतीत शिरतात. एकदा 'रवि वर्मा प्रेसचं चित्र' म्हणून साडेतीन हजारांना एक लक्ष्मी घेतली. फ्रेम सागवानी, काच पिवळट, पाठीमागचा कागद जुना. तो प्रेस 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तिथली छपाई दगडावरची, एकेका रंगाचा वेगळा दगड. भिंगातून ठिपके वेडेवाकडे, विस्कटलेले दिसतात. घरी येऊन भिंग लावलं, तर ठिपके कसे, रांगोळीचा छाप मारावा तसे एकसारखे. जुन्या फ्रेममध्ये कालपरवाचं ऑफसेट. भिंग त्या दिवशी पिशवीतच होतं, याचा राग अजून येतो. 'फ्रेम जुनी, चित्र नवं' असं लिहून 900 ला दिलं. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मी त्याच धड्यामुळे घेत नाही. त्यातले बहुतेक नव्या पेटीवर जुळवलेले असतात.

आणि पाटीवर 'अँटिक' का नाही, असंही विचारतात. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेषात जाते, पोथी-हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं झाली की. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, देशाबाहेर तर ती नेताच येत नाही. माझी पाटी 'जुन्या वस्तू' एवढीच. कुणी पोथ्यांचं गाठोडं घेऊन आलं की मी हात जोडते.

सगळ्यात अवघड भाव नाव घातलेल्या भांड्याचा. आहेरात आलेल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घालायची आपल्याकडची रीत. सध्या माझ्याकडे एक तांब्या आहे. गळ्याखाली 'यांजकडून' स्वच्छ वाचता येतं, त्याआधीचं नाव घासून घासून गेलंय. कुणाला तेच आवडतं, कुणाला देवघरात परक्याचं नाव नको. परवा एक बाई सोळाशे द्यायला तयार होत्या, अट एकच: उरलेली अक्षरं घासून द्या. मी नाही म्हटलं. चिठ्ठी अजून 1650 ची आहे, आणि भाड्याचा तिसरा महिना लागलाय.