पुणे ते पणजी, आंबोलीमार्गे: गिअरबॉक्स बदललेली ॲम्बेसेडर आणि तिचा क्लच

मार्ग नेहमीचाच: पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, पणजी. गाडी मार्क टू ॲम्बेसेडर. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी, बी-सिरीज पेट्रोल. स्टिअरिंगवर दांडा असलेला चार गिअरचा बॉक्स काढून मागे इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स बसवलेला, मधे दोघांना जोडणारी ॲडॉप्टर प्लेट. अशी गाडी घेऊन कोकणात किंवा गोव्यात उतरायचं असेल, तर रस्त्यात क्लच काय काय करतो आणि त्याचा इलाज कुठे आहे, ते खाली.

बॉक्स बदलल्यावर गिअर पडेनासा झाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: ‘प्लेट गेली.’ नवी क्लच प्लेट आठवड्यात जात नाही. अशा गाड्यांमध्ये दुखणं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतं. एक, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवणारं) पुरेसं सरकत नाही. दोन, इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत. पहिलं बॉक्स न उतरवता तपासता येतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

निघण्याआधी, पुण्यातच

गाडी गरम करा, न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. या बॉक्सच्या पुढच्या पाचही गिअरांना सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगा) आहे, रिव्हर्सला नाही. त्यामुळे रिव्हर्स खरी साक्ष देतो. करकर आली तर क्लच सुटत नाहीये. रिव्हर्स गुपचूप पडतो आणि दुसरा गिअरच खरखरतो, तर दोष बॉक्समधल्या सिंक्रोचा. क्लचला हात लावू नका. ॲम्बेसेडरच्या जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे पहिल्याची खरखर लोक ‘ॲम्बीचा स्वभाव’ म्हणून सोडून देतात. या बॉक्सला ती सवलत नाही.

करकर आली तर पेडल भराभर दोन-तीनदा दाबून पुन्हा रिव्हर्स टाका. आता पडला, तर क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पंपाचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) कमी पडतोय. काहीच फरक नाही, तर संशय पायलट बुशवर (क्रँकच्या भोकात बसून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा) आणि अलाइनमेंटवर.

स्ट्रोकचं गणित कागदावर होतं. या गाडीत वरचा पंप (मास्टर) पाऊण इंच बोअरचा, म्हणजे १९.०५ मिमी, आणि बॉक्सबरोबर आलेला खालचा पंप (स्लेव्ह) एक इंचाचा, २५.४ मिमी. तेल जितकं वरून ढकललं तितकंच खाली पोचतं, पण खालचा पिस्टन मोठा असल्यामुळे तो कमी सरकतो. दोन्ही बोअरच्या भागाकाराचा वर्ग केला की ०.५६ येतं. वरचा दांडा २८ मिमी ढकलला जात असेल तर खालचा जेमतेम पावणेसोळा मिमी सरकतो. फोर्कचं (बेअरिंग ढकलणाऱ्या दांडीचं) प्रमाण दोनास एक धरलं तर रिलीज बेअरिंगच्या वाट्याला आठसुद्धा येत नाहीत, आणि फ्री-प्ले (मोकळी चाल) त्यातूनच वजा. डायफ्रॅम प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणारं स्प्रिंगचं कव्हर, सुटायला साधारण आठ ते दहा मिमी लागतात. म्हणजे प्लेट, कव्हर, बेअरिंग सगळं नवं असूनही क्लच अर्धवट सुटणार. खाली सात-अष्टमांश इंचाचा (२२.२ मिमी) पंप लावला की तोच स्ट्रोक साडेवीसवर जातो आणि बेअरिंगला दहा मिमी मिळतात. बदल्यात पेडल सुमारे तीस टक्के जड होतं. जड पेडल परवडतं, घाटात अडकलेला गिअर परवडत नाही.

उलटी चूकही होते. वरचा पंप आणखी मोठा घेऊन स्ट्रोक वाढवला की बेअरिंग डायफ्रॅमची बोटं (स्प्रिंगची आतली टोकं) गरजेपेक्षा आत दाबतं, ती प्लेटच्या स्प्रिंगांना घासतात आणि कव्हर कायमचं वाकतं. म्हणून पेडलखाली स्टॉपर हवाच. क्लच पूर्ण सुटल्यावर पेडल आणखी दहा-पंधरा मिमी जाईल एवढीच जागा ठेवा.

खालचा पंप फिरवून बसवला असेल तर एअर काढायचा निपल सगळ्यात वर आहे ना, ते बघा. तो खाली गेला की कितीही तेल ओता, हवेचा बुडबुडा पंपाच्या डोक्याशी बसून राहतो. तशा वेळी पंप ब्रॅकेटवरून सोडा, पुशरॉड (पिस्टनचा दांडा) बाहेर उडणार नाही असा दाबून धरा, निपल वर करून हवा काढा आणि मग परत बसवा.

खंबाटकी

प्लेट नवी असेल तर पहिले पाचशे किलोमीटर शहरात हलक्या हाताने चालवून मगच घाट. तालीम म्हणून जुन्या कात्रज घाटातून बोगद्यापर्यंत जाऊन यावं. तिथे काही निघालं तर घर जवळ आहे.

खंबाटकी चढताना स्लिप कळतो. चौथ्यात पन्नासवर असताना ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेट घसरतेय. बॉक्स बदललेल्या गाडीत याची दोन कारणं आधी बघावीत: फोर्कला फ्री-प्लेच उरलेला नाही, त्यामुळे बेअरिंग सतत बोटांवर टेकून आहे, किंवा पेडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि लाइनमध्ये दाब अडकून राहतो. दुसऱ्याची परीक्षा सोपी आहे. गाडी घसरत असतानाच बाजूला थांबवा आणि खालच्या पंपाचा निपल पाव आटा सोडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि स्लिप गेला, तर पेडलचा पुशरॉड लांब आहे. तो आखूड करा, पेडलला वरच्या टोकाला दोन-तीन मिमी मोकळी चाल द्या.

पाचवा गिअर इथे विसरा. दीड लिटरच्या या इंजिनाला पाचव्यात साठच्या खाली चढावर ओढायला लावलं की गाडी थरथरते, आणि लोक क्लच थरथरतोय म्हणून बॉक्स उतरवतात. खरा क्लच-जडर (क्लचची थरथर) गाडी उठताना, पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये येतो. त्याचं मूळ बहुधा प्लेटवरचं तेल, नाहीतर गिअरबॉक्सचं मऊ पडलेलं माउंटिंग.

कोल्हापूर: गरम झाल्यावर उतरलेलं पेडल

किणी टोल ओलांडून शहराच्या गर्दीत शिरल्यावर या गाडीचं पेडल खाली खाली पकडायला लागलं आणि रिव्हर्स करकरला. तासाभराने गाडी थंड झाल्यावर सगळं ठीक. थंड असताना चांगला आणि गरम झाल्यावर बिघडणारा क्लच म्हणजे तेल किंवा पाइप तापतोय. बी-सिरीजचं मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) डावीकडे, सायलेन्सरचा पाइप त्याच बाजूने खाली उतरतो, आणि नव्या बॉक्ससाठी फिरवलेला रबरी होज पाइपापासून बोटभर अंतरावर आला होता. इलाज: होज किमान पन्नास मिमी लांब नेला, मधे पत्र्याची ढाल लावली, तेल पूर्ण बदललं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक-क्लचच्या तेलाचा दर्जा) तेल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. पण ओल धरली की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उघडी पडलेली बाटली वापरू नका. क्लचच्या जुन्या होजवर कुणाला तरी पेडल दाबायला लावून हात ठेवा. तो हाताखाली फुगत असेल तर पंपाचा स्ट्रोक तिथेच खर्च होतोय.

काम लेथचं असेल तर कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात बुश वळवून मिळतो. पायलट बुश हा या बदलातला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा आहे. नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक जुन्यापेक्षा वेगळ्या जाडीचं, त्यामुळे क्रँकच्या भोकासाठी बाहेरून आणि शाफ्टसाठी आतून असा खास बुश लागतो. आतली मोकळीक ०.०५ ते ०.०८ मिमी. ठोकून बसवल्यावर बुश आतून आवळतो, म्हणून माप बसवल्यानंतर घ्या. सच्छिद्र ब्राँझचा असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवा. ग्रीस भरू नका. बुश घट्ट असला की क्लच दाबला तरी क्रँक शाफ्टला फिरवत राहतो, आणि पेडल कितीही पंप केलं तरी रिव्हर्स करकरतच राहतो.

बॉक्स खाली असेलच तर ॲडॉप्टर प्लेटही मोजून घ्या. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) फ्लायव्हीलवर चिकटवून बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) मधल्या भोकात पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.२५ मिमीपेक्षा जास्त हलायला नको; खरा फरक त्याच्या निम्मा असतो. बॉक्स जागेवर आणण्याचं काम डॉवेल पिनांचं आहे. बोल्टांच्या भोकांना मोकळीक असते, त्यांच्या भरवशावर अलाइनमेंट ठेवली की प्लेटचा मधला हब काही हजार किलोमीटरांत तुटतो. बॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेट तेव्हाच वाकते.

आवाजांचं एवढं लक्षात ठेवा: पेडल दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, तो बॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. गिअर टाकून, पेडल दाबून उभं असताना बारीक किंचाळी येते, ती पायलट बुशची.

आजरा ते सावंतवाडी

कोल्हापूर सोडलं की सावंतवाडीपर्यंत अशा गाडीचा पार्ट मिळेल अशी आशा धरू नका. गाडीत हवं ते: खालच्या पंपाचं, त्याच बोअरचं वायसर किट (रबरी सीलांचा संच), अर्धा लिटर सीलबंद डॉट ४, पारदर्शक नळी, निपलचा पाना, एक जादा होज.

आंबोलीचा उतार दुसऱ्या-तिसऱ्यात, क्लचवरून पाय काढून. कमी गिअरमध्ये क्लच दाबून गाडी वाहू दिली तर चाकं प्लेटला इंजिनापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरवतात आणि लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) उडू शकतं. पावसाळ्यात धबधब्यापाशी गाड्यांची रांग असते. तिथे अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभं राहू नका, हँडब्रेक ओढा आणि न्यूट्रल करा.

परतीचा, दाणोलीपासूनचा चढ वेगळीच परीक्षा घेतो. या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील नाही, क्रँकवरची आटेदार खाच तेल परत ढकलते. नाक वर करून गाडी बराच वेळ चढत राहिली, त्यात इंजिन झिजलेलं असलं, की तेल बेल हाउसिंगमध्ये येतं. हाउसिंगच्या तळाशी निचऱ्याचं भोक असतं. ॲडॉप्टर प्लेट बसवताना ते बुजलं तर तेल थेट प्लेटवर. आंबोलीत वर पोचल्यावर गाडीखाली वाकून बघा. थेंब पडत असेल तर भोक मोकळं आहे. गिअर ऑइलचा वास वेगळा, उग्र असतो. तो आला तर गळती बॉक्सच्या पुढच्या सीलची.

आणि रस्त्यातच पंपाने दम तोडला तर: सपाटीवर, गाडी बंद असताना पहिला टाका, स्टार्टर मारा, गाडी स्टार्टरवरच उचलते. पुढचे गिअर ॲक्सिलेटर सोडून, इंजिनचा वेग जुळला की हलक्या हाताने. सावंतवाडी ते पणजी असं जाता येतं, पण थांबावं लागेल तिथे इंजिन बंद करूनच. घाट मात्र असा चढू किंवा उतरू नका.

घरी आल्यावर बेल हाउसिंगचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, फ्री-प्ले पुन्हा मोजा. गिअर ऑइल बदलताना डब्यावर जीएल-४ लिहिलेलं बघा. काही जीएल-५ तेलं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात, आणि मग दुसऱ्या गिअरची खरखर पुन्हा क्लचच्या नावावर जमा होते.