धून वेगळी, तरी तेच संगीत

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बावीस तारवाद्यांचं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. नोटेशन छापून तयार होतं. आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला, हक्कांच्या तपासणीसाठी नेमलेल्या संगीतज्ञांचा निरोप आला: क्यू ४एम३ टेम्पच्या फार जवळचा आहे, वादक येण्यापूर्वी बघून घ्या. ४एम३ म्हणजे चौथ्या रीळातला तिसरा संगीततुकडा, लांबी १ मिनिट ५८ सेकंद. म्युझिक एडिटर म्हणून हे तपासणं माझ्या टेबलावर आलं.

टेम्प म्हणजे संकलन चालू असताना तात्पुरतं लावलेलं, दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत. संगीतकार बहुतेक वेळा उशिरा येतो आणि निर्मात्यांना दाखवायची प्रत त्याआधीच लागते, म्हणून ते लावतात. तोपर्यंत दिग्दर्शकांनी तो प्रसंग त्याच संगीतासह शेकडो वेळा पाहिलेला असतो आणि मग दुसरं काहीही ‘चुकीचं’ वाटू लागतं. शिवाय टेम्पमध्ये खरा, उत्तम मिक्स केलेला वाद्यवृंद वाजतो आणि नव्या संगीताचा नमुना संगणकातल्या सॅम्पलचा असतो. सामना सुरुवातीलाच एकतर्फी.

तपासणीत पहिली पायरी आवाजाची. दोन्ही ट्रॅक एकाच पातळीवर आणले (मी -२३ एलयूएफएस धरतो, हे आवाजाच्या मोठेपणाचं माप), नाहीतर मोठा आवाज आपोआप ‘चांगला’ वाटतो. मग टेम्प डी मायनरमधून ई मायनरमध्ये सरकवला, कारण नवा तुकडा ई मायनरमध्ये होता. पट्टी बदलली की पुष्कळांना संगीतच बदलल्यासारखं वाटतं. एक डाव्या स्पीकरवर, दुसरा उजव्या. धून खरोखरच वेगळी होती: टेम्पची खाली उतरणारी, नव्याची चढून अडखळणारी. बाकी सगळं मात्र तंतोतंत. लय ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. दर बारला (ठरावीक मात्रांच्या गटाला) कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलणार आणि क्रमही एकच: पहिली, सहावी, तिसरी, सातवी. चेलोंवर तीच धावती, अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या सुरांची आवर्तनं, नवव्या बारला व्हायोला, सतराव्याला टिंपनी (मोठे नगारे).

पक्का पुरावा मात्र सत्ताविसाव्या बारमध्ये सापडला. चार-चारच्या सरळ चालीत तिथे अचानक एकच दोन मात्रांचा बार. मूळ ध्वनिमुद्रणात तो नाहीच. टेम्प प्रसंगाच्या लांबीत बसवताना चित्रपटाच्या एडिटरने तिथून दोन मात्रा कापल्या होत्या आणि संगीतकाराने ती कात्रीची खूणही सुरांत उतरवली होती. जाणूनबुजून नव्हे. ते टेम्प लावूनच लिहीत बसले होते, इतकंच.

कायद्याच्या नजरेने यातलं बरंचसं निसटून जातं. लय, वाद्यमेळ, चार कॉर्डची नेहमीची रांग यांवर सहसा कुणाला मालकी सांगता येत नाही, दाव्याचा भर स्वररेषेवर असतो. तरी निर्मात्यांची धास्ती खोटी नाही. ‘ग्लॅडिएटर’च्या लढाईच्या संगीतावर होल्स्टच्या ‘मार्स’वरून २००६ मध्ये दावा झाला, तो न्यायालयाबाहेर मिटला. ‘३००’च्या (२००७) काही भागांचं ‘टायटस’च्या (१९९९) संगीताशी असलेलं साम्य तर निर्मात्या स्टुडिओनेच जाहीरपणे मान्य केलं.

अर्थात कधीकधी टेम्प नक्कल होऊन उरत नाही, स्वतःच राहून जातो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेलं संगीत बाजूला पडलं आणि आधी लावलेल्या अभिजात रचनाच १९६८ मध्ये पडद्यावर गेल्या. ‘एलियन’मध्ये (१९७९) त्याचेच संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांच्या ‘फ्रॉइड’मधले (१९६२) तुकडे टेम्प म्हणून लागले आणि तिथेच राहिले. स्वतःच्याच जुन्या संगीताकडून हरणं ही वेगळीच गंमत.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न सोपा होता म्हणून फसला. संगीतकारांनी कॉर्ड बदलल्या, धून आणखी लांब नेली. प्रसंग लावला तर टेम्पच वाजतोय असं वाटावं. दुसऱ्यांदा लय १०४ केली, तर प्रत्येक कट उशिरा पडल्यासारखा. दिग्दर्शक म्हणाले, “आधीचंच बरं होतं.” त्यांचं चूक नव्हतं. दोष चित्रात होता.

सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रात ९६ बीपीएमची एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची. मी प्रसंगातले ३१ कट त्या जाळीवर मांडले. मात्रेच्या मागेपुढे दोन फ्रेमच्या आत २३ कट होते. कट आपोआप पडले असते तर १५ पैकी ५ फ्रेम, म्हणजे एक तृतीयांश, दहा-अकराच सापडायला हवे होते. एडिटरने टेम्पच्या ठेक्यावरच कापलं होतं. म्हणजे संगीत काढून टाकलं तरी त्याची लय चित्रात मुरलेली. त्यावर कुठलीही नवी धून ठेवा, डोळे जुनाच ठेका मोजत राहतात.

मग टेम्प बंद, नवा तुकडाही बंद. फक्त संवाद आणि पावलांचा आवाज ठेवून प्रसंग चार वेळा पाहिला. टेम्पसह पाहताना संगीताने दाद द्यावी अशा सात जागा लिहिल्या होत्या; नुसत्या चित्रात तीनच उरल्या. दार उघडतं ते ३६व्या सेकंदाला. त्यानंतर ७३७ फ्रेमनी पत्र खाली पडतं, आणि दारापासून १५६७ फ्रेमनी दिवा विझतो. जुन्या जाळीत दिव्याचा ठोका थोडा आधीच वाजत होता. सगळ्यांना त्याची सवय झाली होती, इतकंच.

आता या तीन जागांना बसेल अशी लय शोधायची. एका मात्रेला १७ फ्रेम घेतल्या, नीट जमेना. १८ घेतल्यावर जमलं: ४१ मात्रा म्हणजे ७३८ फ्रेम, ८७ मात्रा म्हणजे १५६६. दोन्हीकडे एकाच फ्रेमचा फरक, जो कानाला कळत नाही. १८ फ्रेम म्हणजे ८० बीपीएम. चाल तीन-तीनची घेतली, त्यामुळे पत्र पडतं ते बारच्या तिसऱ्या मात्रेवर, सम चुकवून, आणि दिवा विझतो तो समेवर.

संगीताचा प्रवेशही हलवला. टेम्प प्रसंगाच्या पहिल्याच फ्रेमपासून सुरू होत होता. आता पहिली २७ सेकंदं शांतता, मग दारापूर्वी चार बार. वादक तेच बावीस, त्यामुळे बदल वाजवण्यात: धावती आवर्तनं काढली, सगळ्यांना म्यूट (आवाज दबका करणारे चाप) लावले, एक कॉर्ड चार-चार बार धरून ठेवली. टिंपनी गेली. धून जवळपास जुनीच राहिली, तिच्यात मुळात खोट नव्हतीच. रात्री साडेअकराला नवं नोटेशन छपाईला गेलं.

दिग्दर्शकांना पहिल्यांदा ऐकवताना लागोपाठ नाही ऐकवलं. टेम्पनंतर लगेच ऐकवलं की तुलना होते, प्रसंग दिसत नाही. आधीचे दोन प्रसंग लावून वाहत आणलं. ते म्हणाले, “संगीत उशिरा येतंय.” दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा पत्राच्या आवाजाबद्दल बोलू लागले, म्हणजे संगीत पचलं.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. चित्र लॉक होतं, म्हणजे संकलन पक्कं झालेलं. एक फ्रेम हलवली तरी सगळा ध्वनी पुन्हा जुळवावा लागला असता. दिवा विझल्यानंतरचा शॉट एडिटरने नऊ फ्रेम जास्त धरला होता, टेम्पमधली झांज विरेपर्यंत. झांज आता नाही. पात्र मात्र अजून तेवढा वेळ अंधारात भिंतीकडे बघत उभं राहतं.