मला सापडलेलं सिमेंट

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी आपल्याच शाळेतून दिल्या. वस्तुचित्रात माझी पेन्सिल छान चालायची. मडक्याचा फुगीरपणा, कांद्याची गोलाई छायेतून बरोबर उतरायची. जलरंगात मात्र जीव रमत नसे, कारण मला सारखं वाटायचं की मडक्याच्या पाठीमागेही जावं. चित्रकलेच्या सरांनी हे माझ्याआधी ओळखलं. एका शनिवारी पेणहून आणलेल्या शाडूचा गोळा त्यांनी पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "घे, आता चारी बाजूंनी फिर."

त्यांनीच आमची अलिबागजवळच्या सासवणे गावाची सहल काढली. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथलेच. त्यांच्या राहत्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. पुण्यातला १९२८ सालचा ब्राँझचा अश्वारूढ शिवाजी घडवणाऱ्या या माणसाने गावी बसून साध्या सिमेंटमध्ये केवढं काम केलं! आवारातली म्हैस बघून तर मी तिच्या अंगावर हात फिरवत राहिले. गवंड्याच्या घमेल्यातल्या मालातून हाडावरची कातडी दिसत होती.

पुढे मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला घेतली. तिथे प्लॅस्टरची शिस्त लागली. मातीच्या मूर्तीवर प्लॅस्टरचा साचा घेताना पहिला थर नीळ घालून द्यायचा, मग माती काढून साच्यात पांढरं प्लॅस्टर ओतायचं, म्हणजे शेवटी साचा छिन्नीने फोडताना निळा थर दिसला की हात हलका करायचा, खाली मूर्ती आहे. ही युक्ती मला अजून आवडते. पण प्लॅस्टर घरातलं. कोकणच्या पावसात ते टिकत नाही, आणि माझी शिल्पं मला अंगणात हवी होती. दगडाचं काम थोडं केलं, ब्राँझचा खर्च झेपणारा नव्हता.

म्हणून सिमेंट, आणि आता दुसरं काही नकोच वाटतं. सळ्या वाकवून सांगाडा करायचा, त्यावर कोंबडीजाळी बांधायची, मग सिमेंट-वाळूचा माल थराथराने चढवायचा. खरी गंमत माल अर्धवट आवळतो तेव्हाची. तेवढ्या वेळात पत्र्याच्या तुकड्याने खरवडून गालाचं हाड वर काढता येतं, कपाळाची आठी ओढता येते. उशीर झाला तर तो ऐकत नाही. मातीसारखा तो वाट बघत बसत नाही, आणि ही घाईच माझ्या हाताला मानवली. नंतर गोणपाट गुंडाळून निदान आठवडाभर पाणी मारायचं. पावसाळ्यात शिल्पावर शेवाळ धरतं. ते मी खरवडत नाही.

आपल्या चित्रकलेच्या वर्गात आजही कागद आणि रंगपेट्याच जास्त आहेत. ज्या मुलांना पाठीमागची बाजू बघायची असते, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात शाडूचं घमेलं, पाण्याची बादली आणि झाकायला ओलं फडकं एवढं कायम असावं. मुख्याध्यापकांनी जागा द्यावी. पेणहून माती दरवर्षी जूनमध्ये मी आणून देईन.