नीरास्नान

वाल्हे सुटलं की दिंडीत एकच चौकशी: वीर धरणातून पाणी सोडलंय का? पावसाने ओढ दिली की नीरेचं पात्र उघडं पडतं, मग माउलींच्या स्नानापुरतं वरून पाणी सोडावं लागतं. यंदा होतं. दुपारचं जेवण उरकून रथ पुलापलीकडे थांबला, पादुका दत्त घाटाकडे निघाल्या आणि रेटारेटी सुरू झाली. न्हाणं काही मिनिटांचं, त्यासाठी किती वेळ दुसऱ्याचं कोपर बरगडीत सोसायचं? वैताग आला होता. पादुका पाण्याला लागल्या, ‘माउली माउली’ उठलं, आणि त्या कोपरवाल्याच्याच गळ्यात पडलो.

मग आपली आंघोळ, घाटाच्या खालच्या अंगाला. पहिली ओंजळ डोक्याला, मगच पाण्यात पाय. साबण नाही. धोतर काठावर येऊन पिळायचं, धारेत नाही. पायांचं मात्र वेगळं. चालून टणक झालेले तळवे पाण्यात मुरले की कातडी फुगते, मऊ पडते आणि पुढच्या डांबरावर सोलून निघते. जुने वारकरी म्हणून पाण्यात रेंगाळत नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, खोबरेल चोळतात, ते मुरल्याशिवाय चप्पल घालत नाहीत.

माझ्या टाचेवर दिवेघाटातला फोड होता. लोणंदच्या वाटेवर तो असा ठणकायला लागला की टाळ चुकायला लागले. रस्त्याकडेला बसलो तर भलत्याच दिंडीतल्या एक मावशी डोक्यावरची तुळस उतरवून समोर बसल्या. “पाय द्या माउली.” सुई काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या कडेला, अगदी बुडाशी, आरपार काढली. माथ्यावर टोचलं तर चालताना तोंड फाटतं. दोन्ही बाजूंना बोटभर दोरा सोडला. त्याच्या आधाराने पाणी झिरपत राहतं, भोक बुजत नाही. “वरचं कातडं सोलू नका. त्येच पट्टी हाय.” दवाखान्याच्या तंबूत या दोऱ्याला नाकं मुरडतात, आणि ते बरोबरच आहे: ओला दोरा घाण आत ओढतो. मुक्कामी पोचल्यावर तो काढून टाकावा. मी पाया पडायला वाकलो तर त्याच आधी माझ्या पाया पडल्या.

चांदोबाचा लिंब, फलटण, बरड, माळशिरस. पहाटे तीनला टँकर, माणशी अर्धी बादली, आणि तेवढ्यात कपडे धुवायला बसणारा एक तरी महाभाग. आंघोळीनंतर गोपीचंदन. तळहातावर चार थेंबांत उगाळायचं. पाणी जास्त झालं की नाम ओघळून डोळ्यात. मधोमध बुक्का शेजाऱ्याने लावायचा.

नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, म्हणजे आम्ही न्हालो ते पाणी आमच्याआधी पंढरीला. चंद्रभागेत उजनीचंही पाणी येतं. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम गळ्याएवढ्यात जातं. म्हणून एकमेकांचे हात धरून तीन बुड्या, तिथेच. पुंडलिक, नामदेव पायरी, नगरप्रदक्षिणा. दर्शनबारी कुठवर गेलीय ते पाहून कळसाला हात जोडले आणि ट्रकच्या दोरीवर वाळत घातलेलं धोतर कुणी नेलं ते शोधायला लागलो.