क्विझचं वेळापत्रक लावताना

प्रश्न काढणं त्यामानाने सोपं, खरा घाम फुटतो तो वेळापत्रक लावताना. 24 टीम आल्या आणि सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं म्हटलं तर 276 मॅचेस होतात, एका दिवसात शक्यच नाही, म्हणून 6-6 चे चार गट पाडायचे, मग 60 मॅचेस, 5 राउंड, पण एकाच वेळी 12 वर्ग लागतात आणि तेवढेच क्विझमास्टर. एका वर्गात मॅच लांबली की बाकीचे खोळंबतात, कारण प्रश्नसंच सगळीकडे तोच, आधी सुटलेली पोरं कॉरिडॉरमध्ये उत्तरं बोलली की संपलंच!

आणि मग सकाळी साडेआठला फोन, "मॅडम, आमचे दोघं आजारी आहेत, आम्ही नाही येत". गटात उरल्या 5, दर राउंडला एक टीम नुसती बसून, लांबून आलेल्या पोरांना असं बसवून ठेवायचं जिवावर येतं हो. म्हणून आता मी आपल्याच मुलांची एक राखीव टीम तयारच ठेवते.