कोड ठेवायचा कुठे? तर होममध्ये, बास

परवा लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम) नव्याने टाकलं आणि परत तोच प्रश्न, प्रोजेक्टची फोल्डरं ठेवायची कुठे. मागच्या वेळी मी जो पसारा केला होता तो विचारूच नका, एक प्रोजेक्ट डेस्कटॉपवर, एक डाउनलोड्समध्ये जिथे झिप उघडली तिथेच, आणि एक चक्क /टेम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये. हसा खुशाल. दोन मिनिटांची टेस्ट म्हणून सुरू केलेली स्क्रिप्ट, मग तीन दिवस तिच्यावरच बसलो, रिस्टार्ट केलं आणि सगळं साफ, कारण उबंटूत रिबूट झालं की /टेम्प रिकामं होतं, हे मला माहीत होतं पण तेव्हा आठवेल तर शप्पथ.

मग शहाणपणा सुचला म्हणून सगळं उचलून /ऑप्टमध्ये, म्हणजे बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांसाठीच्या सिस्टीमच्या फोल्डरमध्ये नेलं. तिथला मालक रूट, म्हणजे सिस्टीमचा सर्वाधिकारी यूझर, त्यामुळे साधी फाइल सेव्ह करायची तरी सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड), मग गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) पण सुडोने, मग अर्ध्या फाइली रूटच्या आणि अर्ध्या माझ्या, शेवटी वैतागून सरसकट 777 परमिशन, म्हणजे कोणीही वाचा, लिहा, चालवा, अशी देऊन टाकली. आमच्या सीनियरने ते बघून कपाळावर हात मारला.

गंमत म्हणजे हा घोळ जुनाच आहे. सिस्टीमचे प्रोग्राम जिथे असतात त्या /यूएसआरचं नाव यूझरवरून आलंय, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्सवाल्यांची (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टीम) होम फोल्डरं, म्हणजे ज्याची त्याची स्वतःच्या फाइलींची जागा, तिथेच असायची, मग मुख्य डिस्क भरली आणि प्रोग्राम तिकडे सांडले ते कायमचेच. आता तिथे आपलं काही नाही, तो एपीटीचा, म्हणजे सिस्टीमचे प्रोग्राम बसवणाऱ्या टूलचा इलाका. उबंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनच्या 12व्या आवृत्तीपासून तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं टूल) काही टाकायला गेलं की ते सरळ नाही म्हणतं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांसाठी वेगळा कप्पा, बनवा म्हणे. मला आधी राग आला होता, पण बरोबर आहे त्यांचं. स्वतः कंपाइल केलेलं काही सगळ्या यूझर्सना द्यायचं असेल तर त्यासाठी /यूएसआर/लोकल आहे की, एपीटी तिथे हात लावत नाही.

तर आता होममध्ये 'कोड' नावाचं एकच फोल्डर, त्यात तीन फोल्डरं: कामाचं, माझं आणि 'खेळ', म्हणजे उगाच करून बघायचं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ज्या त्या प्रोजेक्टच्या पोटात. बारक्यासारक्या स्क्रिप्ट होममधल्या .लोकल/बिनमध्ये, ते फोल्डर बनवून एकदा लॉगआउट करून परत आलं की उबंटू ते आपोआप पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) घेतं, कुठे काही लिहावं लागत नाही (हे मला इतक्या वर्षांनी कळलं, असो). आणि बॅकअप घेताना अख्खं 'कोड' उचलायचं, फक्त नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये उतरवलेली पॅकेजं) आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वगळून, ती काय परत बनतात.

'खेळ'मध्ये आठवड्यातच अकरा फोल्डरं झालीत, त्यातल्या एकाचं नाव टेस्ट2नवीनफायनल आहे आणि आत काय आहे ते उघडून बघायची हिंमत होत नाहीये.